एकेरी शिलाई म्हणजे अस्सल जुना बँड टी-शर्ट?

ग्रंज या रॉक संगीतप्रकारातल्या बँडचे जुने टी-शर्ट शोधणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो: बाहीच्या कडेला धाग्याची एकच ओळ दिसली, तर तो टी-शर्ट हमखास १९९०च्या आसपासचा.

समजाला आधार आहे. सिअ‍ॅटलमधून ग्रंज जगभर पोचलं, तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच टी-शर्टांच्या कडा एकेरी शिवलेल्या असत. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन समांतर ओळींची दुहेरी शिलाई सर्रास झाली. पण दुहेरी शिलाई त्याआधीही होती आणि एकेरी आजही घालता येते. शिवाय त्या काळातल्या कोऱ्या टी-शर्टवर काल छपाई केली, तर शिलाई जुनीच दिसणार! शिलाई कापडाबद्दल सांगते, छपाईबद्दल नाही.

छपाईखालचं बारीक अक्षरातलं सालही असंच फसवं. ते चित्राच्या कॉपीराइटचं साल. पुनर्छपाईतही तेच राहू शकतं.

म्हणून खुणा एकत्र ताडून पाहाव्यात. गळ्याचं लेबल त्याच कंपनीच्या त्या काळातल्या लेबलांशी जुळतं का? छपाईला तडे गेलेत, पण गळपट्टी कोरी करकरीत आहे का? तडे सगळीकडे सारखेच असतील, तर ते मुद्दाम पाडलेले असू शकतात. खरी झीज काखेत, गळ्याशी, घडीवर जास्त दिसते. ऑनलाइन घेताना लेबल, कडेची आतली बाजू आणि छपाई यांचे जवळून काढलेले फोटो मागा.

नुसता फ्लॅनेलच्या चौकड्याच्या शर्टाखाली घालायचा असेल, तर नवी प्रतही तितकीच छान दिसते. फक्त जुन्याचे पैसे देऊ नका.