मुष्टियुद्धातील वादग्रस्त पंचनिर्णय आणि खानदेशचा प्रेक्षक

मुष्टियुद्धातील वादग्रस्त पंचनिर्णय म्हणजे लढतीत वरचढ ठरलेल्या खेळाडूला डावलून प्रतिस्पर्ध्याला विजयी केले, असे उघड दिसणारे निकाल. रिंगणातला रेफ्री पडलेल्या खेळाडूसाठी आकडे मोजतो, ताकीद देतो, लढत थांबवतो. पडलेला ठोशाने पडला की पाय घसरून, हेही तोच ठरवतो. ऑलिंपिकसारख्या स्पर्धांत गुण मात्र बाहेर बसलेले पाच पंच देतात आणि मोठे तंटे बहुधा त्यांच्याच गुणांवरून झाले.

१९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत ८६ ठोसे लगावले, ३२ खाल्ले. तरी सुवर्णपदक ३-२ने, म्हणजे पाचपैकी तीन पंचांच्या कौलाने, यजमान पार्क सी-हुनला गेले. त्यानंतर ठोसा लागला की पंचांनी दाबायची बटणे आली. एका सेकंदात पाचपैकी तिघांनी बटण दाबले तरच गुण मिळे. २०१३पासून फेरीगणिक दहा गुणांची पद्धत आहे: फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला त्याहून कमी.

२०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारताची सरितादेवी उपांत्य फेरीत यजमान खेळाडूकडून हरली, तेव्हा निकालाविरुद्ध ५०० डॉलर रोख भरून तक्रार केली गेली. ती फेटाळली. रडत सरिताने आपले कांस्यपदक प्रतिस्पर्धी खेळाडूच्या गळ्यात घातले आणि वर्षाची बंदी तिच्याच वाट्याला आली. हा सरळ अन्याय होता.

खानदेशात मूळ ओढा कुस्तीचा. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातला. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत पंच मातीत ओणवा होऊन खांदे बघतो, शंका आली तर पहिलवानाला वळवून पाठीला माती लागली का तेही बघतो. कडेला बसलेल्या म्हाताऱ्यालाही ते दिसते. भांडणे तिथेही होतात, समर्थक आखाड्यात उतरतात, जोड बरोबरीत सोडवून इनाम वाटून द्यावे लागते. पण वाद कशावरून चालला आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. अशा नजरेला पाच पंचांच्या गुणपत्रिकांवरचा निकाल पटणे अवघड जाते, आणि हा संशय रास्त आहे: रिओ ऑलिंपिकनंतर तिथल्या सर्व ३६ रेफ्री-पंचांना निलंबित करावे लागले.

टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रत्येक फेरीनंतर गुण दाखवले जाऊ लागले. तरी मेरी कोमचा पराभव अनेकांना कळला नाही. तिने दुसरी आणि तिसरी फेरी ३-२ अशी जिंकली होती, पण पहिली ४-१ने गमावली होती. विजेता फेऱ्या मोजून ठरत नाही, प्रत्येक पंचाच्या तिन्ही फेऱ्यांच्या बेरजेवर ठरतो. त्यात तीन पंच प्रतिस्पर्धी इंग्रित व्हॅलेन्सियाच्या बाजूने निघाले.