हेलिक्स अँटेना: उजवे आटे की डावे?

1946 साली अमेरिकेतल्या एका व्याख्यानात व्हॅक्यूम नळीतली तारेची गुंडाळी दाखवली गेली. तिचा अँटेना होईल का, या प्रश्नाला उत्तर मिळालं: करून पाहिलं, चालत नाही. विचारणाऱ्या प्राध्यापकाने तरीही 12 सेंटिमीटर लहरीसाठी सात वेढे गुंडाळले. एका वेढ्याचा परीघ एक तरंगलांबी ठेवला आणि रेडिओ लहरींचा झोत टोकातून सरळ पुढे निघाला. हाच हेलिक्स अँटेना, म्हणजे आट्यांसारखी गुंडाळलेली तार. परीघ फार लहान असेल तर गुंडाळी लहर आडवी फेकते, वॉकीटॉकीच्या रबरी दांड्यासारखी.

परीघ एक तरंगलांबी झाला की वेढ्याच्या समोरासमोरच्या बाजूंत तारेवरून अर्ध्या लहरीचं अंतर पडतं. तार तिथे उलट दिशेने वळलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंची विद्युत क्षेत्रं एकमेकांना जोर देतात. लहर तारेवरून पुढे सरकते तसं हे क्षेत्र फिरतं. हेच वर्तुळाकार ध्रुवीकरण.

खरा गोंधळ या फिरण्याला ‘उजवं’ म्हणण्याचा. रेडिओवाले लहरीच्या मागे उभं राहून बघतात, प्रकाशशास्त्राची जुनी पुस्तकं येणाऱ्या लहरीकडे तोंड करून. म्हणून एकाचं उजवं दुसऱ्याचं डावं. 1962 मध्ये टेलस्टार उपग्रहावरून आलेलं पहिलं टीव्ही चित्र ब्रिटनच्या स्थानकावर याच घोळामुळे जेमतेम दिसलं. फ्रान्समध्ये ते स्वच्छ होतं. रेडिओची व्याख्याच धरावी, कारण ती आट्यांशी जुळते. सांगली-मिरजेत लेथवर काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: उजवे आटे बोल्टच्या कुठल्याही टोकाकडून पाहा, उजवेच. सायकलच्या डाव्या पेडलचे मात्र डावे. म्हणून समोरासमोरचे दोन्ही हेलिक्स एकाच हाताचे हवेत. एक उलटा झाला तर 20 डेसिबलच्या आसपास सिग्नल जातो, म्हणजे शंभरातला एखादाच भाग उरतो, आणि माणूस केबल बदलत बसतो. डिशमध्ये परावर्तनाने हात उलटतो, तिथे फीड (डिशसमोरचा छोटा अँटेना) डावं गुंडाळलं तर झोत उजवा.

2.4 गिगाहर्ट्झला (वाय-फायची फ्रिक्वेन्सी) शेतीचा 40 मिलिमीटर पीव्हीसी पाइप नेमका बसतो. त्यावर मोटार रिवाइंडिंगची 2 मिलिमीटर तार, दोन वेढ्यांत 28 मिलिमीटर अंतर, मागे किमान 10 सेंटिमीटरचा पत्रा. पीव्हीसीमुळे लहर थोडी मंदावते, त्यामुळे अँटेना खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो. अडतं ते जोडणीत: गुंडाळीचा इम्पिडन्स (लहरीला होणारा विरोध) सुमारे 140 ओहम, केबलचा 50. पहिल्या पाव वेढ्याला तांब्याची पट्टी डाखून ती पत्र्याजवळ आणावी लागते. पत्र्यापासूनचं अंतर जुळणी मोजणारा मीटर लावूनच ठरवावं, अंदाजाने नाही.