व्यसनोपचार व महानगरपालिका निधी (ठाणे व नवी मुंबई)

दारू, गर्द (ब्राऊन शुगर), गांजा, गुंगी आणणारी औषधे इत्यादींच्या अधीन झालेल्या व्यक्तींवरील उपचारांसाठी महानगरपालिकेने स्वतःच्या निधीतून, किंवा आपल्या हाती आलेल्या शासकीय अनुदानातून, केलेला खर्च. ठाणे (महानगरपालिका 1982) व नवी मुंबई (महानगरपालिका 1992) या दोन्ही शहरांत हा खर्च मुख्यतः रुग्णालये व दवाखाने चालवण्याच्या सर्वसाधारण कर्तव्यातून उद्भवतो. त्यामुळे अंदाजपत्रकात तो बहुधा वैद्यकीय आरोग्य आणि समाजविकास अशा दोन विभागांच्या लेखाशीर्षांत (खर्चाच्या नोंदीच्या सदरांत) विखुरलेला असतो.

या विभागणीचे मूळ काही अंशी ‘व्यसन’ या शब्दातच आहे. संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे संकट, तसेच अधःपात घडवणारी आसक्ती. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची दहा कामज व आठ क्रोधज व्यसने सांगितली असून मद्यपान त्यांतील कामज गटात येते. ‘व्यसनमुक्ती’ हा आजचा सामासिक शब्द मात्र बराच अलीकडचा असून मुंबई-पुण्यात गर्दचा प्रसार झाला त्या सुमारास, म्हणजे 1980 नंतरच्या दशकात, तो रूढ झाला असावा. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली सुरू झाले, ही गोष्ट या कालनिश्चितीला पूरक आहे. शब्दातील नीतिविषयक छटेमुळे शासनव्यवहारात हा विषय दीर्घकाळ समाजकल्याणाचा मानला गेला. केंद्रात अनुदाने सामाजिक न्याय मंत्रालयाकडून आणि रुग्णालयीन उपचार आरोग्य मंत्रालयाकडून, ही दुहेरी व्यवस्था आजही टिकून आहे व महानगरपालिकांत तिचेच प्रतिबिंब पडते.

महानगरपालिकेवर या खर्चाचे बंधन आहे काय, हा वादाचा मुद्दा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 (मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम) याच्या कलम 63 मध्ये बंधनकारक कर्तव्ये असून त्यांत सार्वजनिक रुग्णालये, दवाखाने व सार्वजनिक वैद्यकीय साहाय्य यांचा समावेश होतो. कलम 66 मधील कर्तव्ये स्वेच्छाधीन आहेत. एका मतानुसार व्यसनोपचार हा विशेष स्वरूपाचा उपक्रम असल्याने तो कलम 66 खाली येतो व तरतूद करणे न करणे महासभेच्या इच्छेवर राहते. दुसऱ्या मतानुसार मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 लागू झाल्यापासून (29 मे 2018) ही भूमिका टिकणारी नाही, कारण त्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. आजार ठरल्यावर त्याचा उपचार हा वैद्यकीय साहाय्याचाच भाग होतो. या मताला एक तांत्रिक अडचण आहे. 2017 च्या अधिनियमाच्या कलम 18 खालील मानसिक आरोग्य सेवांची जबाबदारी ‘समुचित शासना’वर, म्हणजे येथे राज्य शासनावर, टाकलेली आहे, स्थानिक संस्थेवर ती थेट येत नाही. परंतु त्याच कायद्यातील मानसिक आरोग्य आस्थापनेच्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणाने चालवलेल्या आस्थापना येतात. हे लक्षात घेता, जेथे महानगरपालिकेचे रुग्णालय मानसोपचार विभाग चालवते तेथे व्यसनाधीन रुग्णाला वगळता येणार नाही, एवढा अर्थ तरी काढणे सयुक्तिक वाटते.

पैशाच्या बाजूने पाहता स्थानिक संस्था दुबळ्या आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्य व त्यावरील उत्पादन शुल्क हे राज्याचे विषय आहेत, आणि मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावरील कराचा ओघही राज्याकडेच जातो. 74 व्या घटनादुरुस्तीने (1992) आलेल्या बाराव्या अनुसूचीतील, म्हणजे नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या, 18 विषयांत सार्वजनिक आरोग्य आहे, पण त्यासोबत या महसुलाचा वाटा आला नाही. दारूमुळे आजारी पडलेला माणूस महानगरपालिकेच्या दवाखान्यात येतो आणि दारूवरील शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते, ही विसंगती या विषयाच्या मुळाशी आहे. जकात, नवी मुंबईचा उपकर व नंतरचा स्थानिक संस्था कर हे शहरात येणाऱ्या मालावरील स्वतःचे स्रोत संपून 2017 पासून, वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर, त्यांच्या बदल्यात राज्याचे भरपाई अनुदान आल्यावर नव्या उपक्रमांसाठी मोकळा निधी आणखी आक्रसला. महिला व बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण यांसाठी अंदाजपत्रकात प्रत्येकी 5 टक्के रक्कम राखून ठेवण्याची पद्धत आहे. व्यसनोपचाराला असे संरक्षण नाही. तुलनेसाठी, इंग्लंडमध्ये 2013 पासून स्थानिक परिषदांना मिळणाऱ्या राखीव सार्वजनिक आरोग्य अनुदानातून दारू व अमली पदार्थांवरील उपचारसेवा चालवल्या जातात.

केंद्राच्या योजनांत स्वयंसेवी संस्थांना व्यसनाधीनांच्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रांसाठी अनुदान मिळते. नागरी स्थानिक संस्थाही अशा साहाय्यास पात्र धरल्या गेल्या आहेत, परंतु व्यवहारात अर्जदार बहुतेक करून स्वयंसेवी संस्थाच असतात.

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय (1901) राज्य शासनाचे आहे व जिल्हा सामान्य रुग्णालयही राज्याचेच. महानगरपालिकेचा प्रत्यक्ष वाटा कळव्याच्या 500 खाटांच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातून उचलला जातो. नवी मुंबईत वाशी, ऐरोली व नेरूळ येथे महानगरपालिकेची रुग्णालये आहेत. दोन्ही शहरांत लोकनियुक्त सभागृहांची मुदत संपल्यावर (नवी मुंबई मे 2020, ठाणे मार्च 2022) स्थायी समिती व महासभेचे अधिकार प्रशासकाकडे गेले. परिणामी व्यसनोपचारासारख्या लहान लेखाशीर्षावर नगरसेवकांनी जाहीर चर्चा करावी, ही वाट त्या काळात बंद राहिली.

सर्वसाधारण रुग्णालयाच्या चौकटीत उपचाराचा एकच टप्पा नीट बसतो, तो म्हणजे दारू थांबवल्यानंतरचा त्रास आटोक्यात आणण्याचा. थरकाप, झटके किंवा भ्रम होण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो; तेवढ्या मुदतीचे औषध, खाट व परिचारिकेचा खर्च रुग्णालयाच्या नेहमीच्या तरतुदीत सामावतो. पुढचे महिने मात्र समुपदेशन, कुटुंबाशी बोलणे, पाठपुरावा व रोजगार यांचे असतात. त्यासाठी समुपदेशकाचे मानधन लागते आणि कंत्राटी मानधन हेच काटकसरीत प्रथम कापले जाते. उपचार अर्धवट राहून रुग्ण पुन्हा त्याच खाटेवर येण्याचे हे एक कारण आहे आणि खर्चाच्या दृष्टीनेही ते महागात पडते. हा पुढचा टप्पा पुष्कळ अंशी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारखे (दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेले) स्वावलंबी गट सांभाळतात. आपल्या परंपरेनुसार हे गट बाहेरची देणगी किंवा शासकीय अनुदान घेत नाहीत. म्हणून महानगरपालिकेला त्यांना पैशाने मदत करता येत नाही, सभेसाठी शाळेची खोली रीतसर भाड्याने मात्र देता येते. 2017 च्या अधिनियमाने अपेक्षिलेली अर्धमार्ग गृहे, म्हणजे रुग्णालय व घर यांमधील निवासाची सोय, हा या टप्प्याचा दुसरा आधार असून त्यासाठी जागा, कर्मचारी व आवर्ती खर्च अशा तिन्ही तरतुदी एकाच वेळी कराव्या लागतात.