सांधे धरले म्हणून गोळी बंद करावी का?

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन आटोपलं की मागे उरते रोजची एक छोटी गोळी. पाळी चालू असेल तर बहुधा टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम. पाळी कायमची गेली असेल तर लेट्रोझोल २.५ किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम. किमान पाच वर्षं. काही महिन्यांतच सकाळी मूठ वळेनाशी होते, जिना उतरताना गुडघे बोलतात, रात्री अंगातून वाफा निघून झोप उडते. गाठ तर काढली, मग हे कशासाठी, असं वाटून अनेकजणी गोळी गुपचूप सोडतात आणि डॉक्टरांना मात्र 'घेते' म्हणून सांगतात. हे लपवणंच सर्वांत नुकसानीचं, कारण त्रास कळला तर त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे.

गोळीचा फायदा किती, हे आधी स्वतःच्या रिपोर्टवरून विचारा. ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढणाऱ्या, गाठीत पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्यास १५ वर्षांपर्यंत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. पण एक तृतीयांश कशाचा? समजा, गोळीविना धोका शंभरात ३० असेल तर दहाजणी वाचतात; ६ असेल तर दोनजणी. म्हणून काखेतल्या लसिका गाठींपर्यंत (लिम्फ नोड) आजार गेलेल्या बाईचा निर्णय आणि एक सेंटिमीटरची गाठ असलेल्या बाईचा निर्णय एकच असण्याचं कारण नाही. हा आजार उशिरा परततो, हेही ध्यानात ठेवावं. पाच वर्षांनी गोळी थांबवलेल्या स्त्रियांमध्ये पुढच्या १५ वर्षांत तो शरीरात दूरवर उद्भवण्याचं प्रमाण लहान गाठ आणि स्वच्छ काख असताना १३ टक्के, तर मोठी गाठ आणि काखेतल्या ४ ते ९ गाठी बाधित असताना ४१ टक्के आढळलं.

आता दुखण्याकडे. लेट्रोझोलच्या गटातली औषधं शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपवतात, त्यामुळे सांधे आखडतात. पण चाळिशी-पन्नाशीत व्हिटॅमिन डीची कमतरता, थायरॉइड, संधिवात यांनीही असंच दुखतं, तेव्हा रक्त तपासल्याशिवाय सगळा दोष गोळीवर टाकू नये. सरळ उपाय म्हणजे डॉक्टरांना सांगून दोन ते चार आठवडे गोळी थांबवून बघणं. दुखणं ओसरलं तर कारण सापडलं. तसंच राहिलं तर ते दुसरीकडे शोधायचं. पाच वर्षांनंतर लेट्रोझोल पुढे चालू ठेवणाऱ्या स्त्रियांच्या एका मोठ्या चाचणीत दरवर्षी तीन महिने सुट्टी घेणाऱ्यांचं नुकसान झालं नाही, त्यामुळे एवढ्या खंडाने घाबरू नये.

दुखणं गोळीमुळेच निघालं तर मग गोळी बदलायची. अ‍ॅनास्ट्रोझोल न सोसलेल्या स्त्रियांना महिनाभराच्या खंडानंतर लेट्रोझोल दिलं तेव्हा सहा महिन्यांनी ७१ टक्के जणी ते घेत होत्या. दोन्ही एकाच गटातली, तरी एक सोसतं, एक नाही. तेही जमलं नाही तर टॅमॉक्सिफेन आहेच. व्यायाम हा इथे खरा औषधासारखा आहे: आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनांचा व्यायाम. सुरुवातीला जास्त दुखेल, म्हणून दहा मिनिटांपासून वाढवत न्यावं. ड्युलोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधानेही काहींना उतार पडतो.

वाफांसाठी व्हेनलाफॅक्सिन देतात, तेही नैराश्यावरचंच औषध. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी त्याच प्रकारची पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन ही औषधं टाळावीत. टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप यकृतात तयार होतं आणि ही औषधं तेच रोखतात. मानसोपचाराचं औषध दुसरीकडून चालू असेल तर ती चिठ्ठी कर्करोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.

काही लक्षणं मात्र सोसायची नसतात. टॅमॉक्सिफेनवर असताना एकच पोटरी सुजली, अचानक धाप लागली, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. लेट्रोझोलवाल्यांनी सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी.

हे सगळं करूनही जगणं नकोसं होत असेल आणि धोका मुळात कमी असेल, तर थांबण्याचा निर्णय रास्तच आहे. पाच वर्षांपुढे तर तो आणखी सोपा: पाच वर्षं झाल्यावर अ‍ॅनास्ट्रोझोल आणखी दोन वर्षं घेणाऱ्या आणि आणखी पाच वर्षं घेणाऱ्या स्त्रियांत आजार परतण्यात फरक दिसला नाही, हाडं मात्र जास्त काळ घेणाऱ्यांची अधिक मोडली.