ऑर्किडला रोज पाणी घालू नका

ऑर्किड म्हटलं की लोक आधीच हात जोडतात, आम्हाला नाही जमणार, फार नाजूक असतं, एसी लागतो वगैरे. माझं मत अगदी उलट आहे. ज्यांना रोज कुंड्यांकडे बघायला वेळ नाही, आठवडाभर गावाला गेलो तर पाणी कोण घालणार ही ज्यांची कायमची चिंता, त्यांनी तर ऑर्किड आणायलाच हवं.

जगात ऑर्किडच्या २५ हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जमिनीत वाढतच नाहीत, झाडाच्या फांद्यांवर राहतात (ही बांडगुळं नव्हेत हां, बांडगूळ झाडातला रस ओढतं, ऑर्किड नुसता आधार घेतं). आता फांदीवर ना माती ना पाण्याचा साठा, पाऊस थांबला की थोड्या वेळात सगळं कोरडं, पुढचा पाऊस कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि ही झाडं पिढ्यानपिढ्या तिथेच वाढत आलीयेत.

नर्सरीत सगळ्यात जास्त दिसतं ते फॅलेनॉप्सिस. त्याची मुळं एकदा नीट बघा, जाड, चंदेरी-राखाडी असतात. त्यांच्यावर मेलेल्या पेशींचा स्पंजसारखा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. पाणी ओता आणि बघत रहा, चंदेरी मूळ हिरवं होत जातं! कोरड्या पेशींत हवा असते म्हणून प्रकाश विखुरतो आणि मूळ चंदेरी दिसतं, पाणी भरलं की तो थर पारदर्शक होतो आणि आतलं हरितद्रव्य दिसायला लागतं. म्हणून तर ह्याला पारदर्शक कुंडी चांगली, मूळ चंदेरी दिसलं तर पाणी द्यायचं, हिरवं असेल तर हात लावायचा नाही.

पानांचंही तसंच. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यात भरपूर पाणी उडून जातं. फॅलेनॉप्सिस हे काम मुख्यतः रात्री करतं, हवा थंड असताना, घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक ॲसिडच्या रूपात साठवतं आणि दिवसा छिद्रं जवळपास बंद ठेवून उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतं. निवडुंग आणि अननसही हेच करतात.

आणि आपल्या सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बाट्युलम! पावसाळा संपला की ह्याची पानं गळतात, नुसत्या काड्या उरतात, बघणाऱ्याला वाटेल मेलं, पण पाणी आणि अन्न त्या जाड काड्यांत साठवलेलं असतं आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, रान सुकलेलं असताना, त्याच बोडक्या काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस येतात.

मग घरात ऑर्किड मरतं कशाने? बहुतेक वेळा पाण्यानेच. मुळांना हवा लागते आणि आपण साध्या मातीत लावून रोज पाणी घालतो, मुळं कुजतात, कुजली की पाणी ओढू शकत नाहीत, पानं सुरकुततात आणि आपण म्हणतो अरे तहानलंय, अजून घाला. कुंडी ओली असून पानं लुळी पडली असतील तर सरळ उपटून बघा, मऊ काळी मुळं कापून टाका आणि कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे असं काहीतरी भुसभुशीत घालून परत लावा, खोड शाबूत असेल तर नवी मुळं फुटू शकतात.

साधारण आठवड्यातून एकदा भरपूर पाणी आणि ते सगळं खालून निघून जायला हवं, पावसाळ्यात कोकणात त्याहूनही कमी, विदर्भाच्या उन्हाळ्यात थोडं जास्त. उजेड हवा पण दुपारचं ऊन नको, पानं भाजतात. आणि फुलं गळाली म्हणून टाकून देऊ नका प्लीज. फॅलेनॉप्सिसला नवा दांडा यायला थोडा गारवा लागतो, तापमान २८ अंशांच्या वर राहिलं तर दांडा येतच नाही, त्यामुळे उन्हाळ्यात नुसती पानं दिसली तर काळजी करू नका, थंडीत खिडकी उघडी राहील अशा जागी ठेवा.