खलनायकांचा मुलूख: अंदाजांची साठ वर्षं

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये खलनायकांचा एक अख्खा विभाग उभा राहणार, ही घोषणा १० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्या दिवशी हाती लागलं ते एवढंच: दोन मोठी आकर्षणं, खाण्याची सोय, दुकानं, आणि जागा बिग थंडर माउंटन या तिथल्या जुन्या रोलरकोस्टरच्या पलीकडची. कुठल्या सिनेमातला कोण, याबद्दल अवाक्षर नाही. तेवढ्यावर जगभर जे सुरू झालं तेच सांगलीत विश्रामबागेत आणि साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाच्या गाड्यांपाशीही चालू असतं. मॅलेफिसंटचा ड्रॅगन येणार की उर्सुलाची गुहा, जाफर असणार की स्कार. वाद रंगतो, पण बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून. अशा विभागात कोणता सिनेमा येणार हे सर्वांत शेवटी ठरतं. आधी जमीन ठरते, मग हक्क, मग पाण्याचा निचरा. गेल्या साठ वर्षांत जे अंदाज बरोबर आले ते बहुतेक या तिघांतून निघालेले आहेत.

आधी एक फरक. आपल्याकडच्यांना जवळचं मोठं थीम पार्क म्हणजे खोपोलीजवळचं, २०१३ मध्ये सुरू झालेलं इमॅजिका. तिथं ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली राइड आहे. ती राइड झाली, ‘लँड’ नव्हे. लँडमध्ये रस्ता, दुकानं, पेयं, कचऱ्याचे डबे, कामगारांचे कपडे, सगळं एकाच कथेतलं असतं, आणि आत उभं राहिल्यावर बाहेरचं काही दिसू नये अशी भिंत, टेकडी किंवा झाडांची रांग लागते. म्हणून राइडचा अंदाज एका इमारतीपुरता असतो. लँडचा अंदाज करायला एकरांत मोजावं लागतं. कॅलिफोर्नियातली कार्स लँड १२ एकरांची आहे, ‘स्टार वॉर्स’ची गॅलक्सीज एज १४ एकरांची. आपल्या हिशेबात ५६० गुंठे, आणि तेही चालू असलेल्या गर्दीच्या पार्काच्या अंगणात.

अंदाजांची ही परंपरा सुरू झाली ती सिनेमावरून नव्हेच, जमिनीवरून. १९६० च्या दशकाच्या मध्यात ऑरलँडोजवळ कोणीतरी दलदल आणि कुरणं विकत घेत सुटलं होतं. खरेदीखतांवर वेगवेगळ्या, कोणी न ऐकलेल्या कंपन्यांची नावं होती. त्यातल्या एका कंपनीचं नाव ‘आयफोर’, म्हणजे जवळून जाणाऱ्या आय-फोर महामार्गावरची कोटी. आतल्या गोटात कामाला ‘प्रोजेक्ट एक्स’ म्हणत. सुमारे २७,००० एकर जमीन सरासरी एकरी १८० डॉलरच्या आसपास गोळा झाली. म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीपेक्षा थोडीच कमी. गावात कोणी म्हणे मोटारींचा कारखाना येतोय, कोणी म्हणे विमानांचा. ‘ऑरलँडो सेंटिनेल’च्या एमिली बावर यांनी डिस्नेलँडच्या भेटीत खुद्द वॉल्ट डिस्नेंना थेट विचारलं. त्यांनी नकार दिला, पण मध्य फ्लोरिडा का सोयीचा नाही हे इतक्या तपशिलात सांगितलं, की त्यांचा त्या भागाचा अभ्यास झालेला आहे हे उघडं पडलं. ऑक्टोबर १९६५ मध्ये बातमी छापून आली आणि १५ नोव्हेंबरला अधिकृत घोषणा झाली. दरम्यान आसपासच्या जमिनीचे भाव चढले. तेव्हापासून कंपनी गुप्तता पाळते ती निव्वळ हौस म्हणून नाही. नाव फुटलं की शेजारच्या गटाची किंमत वाढते, हे तिनं तिथं शिकून घेतलं.

सिनेमावर अख्खा विभाग उभारायची लाट बरीच उशिरा आली. १९५५ च्या डिस्नेलँडमधले विभाग कल्पनांवर होते: साहस, सीमाप्रदेश, परीकथा, उद्याचं जग. सिनेमे त्यांच्या पोटात राइड म्हणून असत. वळण आलं ते डिस्नेची स्पर्धक कंपनी युनिव्हर्सल हिच्यामुळं. ३१ मे २००७ रोजी हॅरी पॉटरच्या विभागाची घोषणा झाली आणि १८ जून २०१० रोजी तो ऑरलँडोत उघडला. त्यात एक गोष्ट अंदाज करणाऱ्यांनी कायमची लक्षात ठेवावी. तो कोऱ्या जागेवर उभा राहिला नाही, ‘लॉस्ट कॉन्टिनेंट’ विभागाचा मोठा तुकडा त्यात गेला. ड्रॅगनांची जुनी जोड-रोलरकोस्टर नाव बदलून तशीच चालू राहिली, आणि मुलांच्या छोट्या कोस्टरला पॉटरच्या गोष्टीतल्या हिप्पोग्रिफ या प्राण्याचं नाव मिळालं. एका सिनेमाच्या जगात फिरायला, तिथलं बटरबिअर प्यायला लोक रांगा लावतात हे दिसल्यावर सगळ्यांनीच तो रस्ता धरला.

डिस्नेचं उत्तर सप्टेंबर २०११ मध्ये आलं: ‘अवतार’. त्याची जागा अंदाज करणाऱ्यांसाठी धडाच आहे. फ्लोरिडातलं डिस्नेचं प्राण्यांवरचं पार्क, अॅनिमल किंगडम, २२ एप्रिल १९९८ ला उघडलं तेव्हा काल्पनिक प्राण्यांचा ‘बीस्टली किंगडम’ नावाचा विभाग कागदावर होता. पार्काच्या चिन्हात ड्रॅगन होता, वाहनतळाच्या एका भागाला युनिकॉर्नचं नाव होतं. पैसे दुसरीकडे वळले आणि त्या जागी कॅम्प मिनी-मिकी नावाचा स्वस्तातला विभाग आला. मंडळी वर्षानुवर्षं ड्रॅगनची वाट पाहत राहिली. शेवटी त्याच जागी २७ मे २०१७ रोजी पँडोरा, म्हणजे ‘अवतार’मधलं जग, उघडलं. ‘इथं काहीतरी मोठं येणार’ हा जागेचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, काय येणार याचा पार फसला.

‘स्टार वॉर्स’च्या वेळीही असंच झालं. १५ ऑगस्ट २०१५ ला घोषणा झाल्यावर बहुतेकांनी टॅटूइन धरलं, कारण सिनेमातली ती सगळ्यांत ओळखीची जागा. प्रत्यक्षात कुठल्याच सिनेमात न दिसलेला बाटू हा ग्रह आला. सिनेमातली जागा घेतली की तिथला काळ आणि पात्रं ठरून जातात, पुढच्या सिनेमांना वाव राहत नाही. कोरी जागा घेतली की हात मोकळे. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखं आहे, पण ओळखीचा चौक पाहायला आलेल्या पाहुण्याला ते कोरडं वाटतं असं आमचं मत. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’चं शूटिंग झालं. तिथं येणारे लोक अजून ‘ती पायरी कोणती’ असंच विचारतात. नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईच्या लढाईनंतर आलेली पोर्तुगीज घंटा पाठीमागेच आहे, पण पाय आधी तिकडं वळत नाहीत.

हक्कांचा भाग रुक्ष आहे, पण पैजा इथंच सर्वांत जास्त हरल्या जातात. मार्व्हलची पात्रं पार्कांत वापरण्याबाबत मार्व्हल आणि युनिव्हर्सल यांच्यात १९९४ मध्ये करार झाला. डिस्नेनं २००९ मध्ये मार्व्हल विकत घेतली तरी तो करार शाबूत राहिला. म्हणून मिसिसिपी नदीच्या पूर्वेला डिस्नेला त्या करारातली पात्रं आपल्या पार्कांत वापरता येत नाहीत. अॅव्हेंजर्स कॅम्पस २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात आणि २०२२ मध्ये पॅरिसमध्ये झाला, फ्लोरिडात नाही. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ मात्र २०२२ मध्ये ऑरलँडोतल्या एपकॉटमध्ये आली, कारण ती पात्रं त्या कचाट्याबाहेर होती. दरवर्षी कोणीतरी फ्लोरिडात आयर्न मॅनची लँड मांडतोच. करार वाचला असता तर तेवढा वेळ वाचला असता. खलनायकांच्या बाबतीत हा अडसर नाही, झाडून सगळे घरचे. त्यामुळंच अंदाजांना धरबंध राहिलेला नाही.

आता प्रत्यक्ष कागद कसे वाचायचे ते. इकडं प्लॉट घेताना शहाणा माणूस आधी सातबारा आणि पूररेषा बघतो, मग बंगल्याचा नकाशा. तिथंही तोच क्रम उपयोगी पडतो. मध्य फ्लोरिडात जमिनीखालचं पाणी वर असतं, म्हणून मुरणाऱ्या जमिनीवर छप्पर किंवा काँक्रीट आलं की पावसाचं वाढीव पाणी कुठं साठवणार हे साऊथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट या तिथल्या पाण्याचं नियोजन बघणाऱ्या सरकारी संस्थेला दाखवावं लागतं. हे अर्ज सार्वजनिक असतात. त्यात राइडचं नाव नसतं, पण तीन गोष्टी सापडतात: किती एकर नव्यानं झाकली जाणार, तळी कुठं आणि केवढी, आणि इमारतींच्या बाह्यरेषा. तळ्यांचा आकार अर्जातल्या इमारतींना लागतो त्यापेक्षा फार मोठा असेल, तर पुढचा टप्पा मनात आहे असं समजायला हरकत नाही. मोठी, खिडक्या नसलेली चौकोनी बाह्यरेषा म्हणजे बहुधा आतल्या राइडची इमारत. फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड बंद कराव्या लागतात, म्हणून मोठा खर्च शक्यतो छपराखाली होतो. मोठ्या राइडकडून तासाला साधारण दीड ते दोन हजार माणसांची अपेक्षा असते. तासाभराची रांग धरली तर तेवढीच माणसं उभी राहतील अशी जागाही त्या रेषेत असायला हवी. नकाशात ती दिसत नसेल तर ‘मुख्य राइड’ म्हणून नाचू नये.

दुसरा कागद म्हणजे काम सुरू करण्याची नोटीस. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार मालकाला ती काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कार्यालयात, नोंदवावी लागते. तिच्यात मालक, कंत्राटदार, पत्ता आणि कामाचं मोघम वर्णन असतं. वेगळी मुदत दिलेली नसेल तर ती वर्षभर चालते. इथं चुका होतात त्या पत्त्यामुळं. एकाच पत्त्यावर स्वच्छतागृहाची दुरुस्तीही निघते आणि लँडही. कंत्राटदार एरवी काय करतो ते आधी बघावं. देखावे, खडक किंवा यंत्रं बसवणारा असेल तर कान टवकारावेत, फरशी आणि नळाचा असेल तर सोडून द्यावं.

उंचीला एक ठरलेली मर्यादा आहे. २०० फुटांपासून विमानांसाठी इशाऱ्याच्या दिव्यांचा प्रश्न येतो, आणि लाल दिवा लुकलुकला की देखाव्याची मजा गेली. म्हणून डिस्नेच्या फ्लोरिडातल्या राइडपैकी टॉवर ऑफ टेरर १९९ फुटांवर थांबतो आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्ट १९९ फूट ६ इंचांवर. मॅलेफिसंटचा अडीचशे फुटी किल्ला रंगवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पेटंट आणि ट्रेडमार्क यांवर मात्र भिस्त ठेवू नये. पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि कंपन्या वापरात न येणाऱ्या कल्पनाही राखून ठेवतात. युनिव्हर्सलनं २०१८ मध्ये ‘फॅन्टॅस्टिक वर्ल्ड्स’ या नावासाठी अर्ज केला, तेव्हा नव्या पार्काचं नाव मिळालं म्हणून जल्लोष झाला. १ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं ते एपिक युनिव्हर्स. ते २२ मे २०२५ रोजी उघडलं.

घोषणा झाली म्हणजे काम झालं, असंही नाही. एपकॉटमध्ये मेरी पॉपिन्सचं आकर्षण येणार हे ऑगस्ट २०१९ मध्ये थाटात सांगितलं गेलं, २०२० मध्ये ते बाजूला पडलं. पॅरिसमध्ये २०१८ च्या योजनेत ‘स्टार वॉर्स’चा विभाग होता, पुढं तो गेला आणि २०२४ मध्ये ‘लायन किंग’चं नाव पुढं आलं. वेळेचा अंदाजही सैल धरावा. गॅलक्सीज एजला घोषणेपासून पावणेचार वर्षं लागली, पँडोराला साडेपाचच्या वर, आणि हाँगकाँगच्या ‘फ्रोझन’ला २०१६ पासून २०२३ पर्यंत.

खलनायकांच्या जागेचाही असाच मागचा धागा आहे. मॅजिक किंगडमची काळी सावली म्हणावं असं, फक्त दुष्टांचं, फ्लोरिडातलं डिस्नेचं पाचवं पार्क येणार ही वदंता फार जुनी. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमच्या डी२३ या डिस्नेच्या चाहत्यांच्या सोहळ्यात ‘बिग थंडरच्या पलीकडे काय?’ म्हणून तीन कल्पना दाखवल्या गेल्या: ‘कोको’, ‘एन्कांटो’ आणि खलनायक. हे नुसते विचार आहेत असं तिथंच बजावलं होतं. तरी नकाशे रंगवले गेले, तिन्ही एका ओळीत. २०२३ मध्ये पार्क आणि क्रूझवर दहा वर्षांत सुमारे ६० अब्ज डॉलर खर्चण्याचा मनोदय कंपनीनं सांगितला, आणि पुढच्या वर्षी तिघांच्या वाटा फुटल्या. ‘कोको’ची बोट-राइड कॅलिफोर्नियाला गेली, ‘एन्कांटो’ अॅनिमल किंगडमला, आणि पलीकडच्या जागेवर खलनायक राहिले. त्यांच्या अलीकडे ‘कार्स’चा विभाग आला, आणि त्यासाठी रिव्हर्स ऑफ अमेरिका, टॉम सॉयर आयलंड आणि जुनी वाफेची बोट जुलै २०२५ मध्ये कायमची बंद झाली. नदीमुळं मागची जागा एका अरुंद वाटेवर अडकली असती आणि एवढी गर्दी तिथून आत-बाहेर करणं कठीण होतं, असा आमचा तर्क आहे. म्हणजे नदी गेली ती ‘कार्स’पायी जेवढी, तेवढीच मागच्यांना रस्ता मिळावा म्हणून.

त्यामुळं तूर्त पात्रांच्या नावांपेक्षा दोन बाह्यरेषांकडे लक्ष ठेवणं बरं. दोन्ही इमारती बंदिस्त दिसल्या तर कोस्टरवर लावलेली पैज मागं घ्यावी. एक लांबट, वळणं घेणारा पाया दिसला तर वाढवावी. कॉन्सेप्ट आर्टमधला, म्हणजे कंपनीनं आधी दाखवलेल्या कल्पनाचित्रातला, किल्ला मोजू नये, त्यात माणसं मुद्दाम लहान काढतात. फ्लोरिडातली कार्यालयं सकाळी नऊला उघडतात तेव्हा सांगली-साताऱ्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. नोंदी बघायच्या त्या त्यानंतर. अॅनाहाइमचा उन्हाळ्यातला संध्याकाळी सातचा कार्यक्रम इकडं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लागतो.