‘हूस’, ‘मूस’ आणि जागचा न हललेला ऊ

ग्लासगोच्या कामगार वस्त्यांत घराला ‘हूस’ म्हणतात, गाईला ‘कू’. बाहेर म्हणजे ‘ऊट’ आणि खाली म्हणजे ‘डून’. शाळेत इंग्रजी शिकलेल्या कानाला हे हाउस, काउ, आउट, डाउनचे बिघडलेले उच्चार वाटतात. खुद्द स्कॉटलंडमधल्या शिक्षकांनाही तसंच वाटायचं. असं बोलल्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी चामडी पट्ट्याचा मार खाल्ला. तो अन्याय होता, कारण जुना उच्चार मुलांच्या तोंडात होता आणि बदललेला मास्तरांच्या.

सातशे वर्षांपूर्वी लंडनमध्येही घर ‘हूस’च होतं. साधारण पंधराव्या शतकापासून इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा सोडू लागले. ‘ओ’ म्हणताना जीभ तोंडात मध्यावर असते, ‘ऊ’ म्हणताना टाळूजवळ जाते. हंसाला ‘गोस’ म्हणणारे लोक जीभ उचलून ‘गूस’ म्हणू लागले. मग आधीपासून ‘ऊ’ असलेल्या शब्दांचं काय? ते सरकून ‘आउ’ झाले, म्हणून ‘हूस’चं ‘हाउस’ झालं.

स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये मात्र ही साखळी सुरूच झाली नाही. तिथला ‘ओ’ त्याआधीच, चौदाव्या शतकाच्या सुमारास, वेगळ्या दिशेला गेला होता: ओठ गोल ठेवून जीभ दातांकडे, जर्मनांच्या ‘श्योन’मधल्या स्वरासारखा. त्याचाच आजचा वंशज म्हणजे ग्लासगोतलं ‘गिड’, अर्थात ‘गुड’. रांगेत मागून रेटणारा माणूसच निघून गेला, तर पुढचा कशाला हलेल? ‘ऊ’ जागेवर राहिला. जिथे ‘ओ’ पुढे सरकला होता, नेमकं तिथेच ‘हूस’ टिकलं, हा मेळ ऑस्ट्रियाचे भाषाशास्त्रज्ञ कार्ल लूईक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवला. बोलीभाषांच्या नकाशावरून पाचशे वर्षांपूर्वीच्या बदलाचं कारण शोधता येतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

जिभेच्या पुढच्या भागातल्या स्वरांना असं संरक्षण नव्हतं. ते स्कॉटलंडमध्येही बदलले. म्हणून तिथे एक उंदीर ‘मूस’, पण अनेक झाले की ‘माइस’. एकाच शब्दाच्या एकवचनात जुना स्वर आहे आणि अनेकवचनात नवा.

यापेक्षा बारीक नियम एडिनबरा विद्यापीठातले कोशकार ए. जे. एटकिन यांनी मांडला. स्कॉटिश बोलण्यात स्वराची लांबी पुढच्या ध्वनीवर ठरते. पुढे ‘र’, ‘व्ह’, ‘झ’ असे ध्वनी आले किंवा शब्द तिथेच संपला, तर स्वर लांबतो. एरवी आखूड राहतो. गरज या अर्थाचा ‘नीड’ आखूड. पण ‘नी’ म्हणजे गुडघा, आणि गुडघ्याने मारणंही; त्याला भूतकाळाचा ‘ड’ जोडला की होणारा ‘नीड’ लांब, कारण बोलणाऱ्याच्या मनात मूळ शब्द ‘नी’पाशीच संपलेला असतो. हे कोणी शाळेत शिकवत नाही, तरी स्कॉटिश मुलं हा भेद सहज पाळतात. याला गावंढळ कसं म्हणायचं?

ईशान्येकडे, ॲबर्डीनच्या बाजूला, तर ‘व्हॉट’चं ‘फिट’ होतं, ‘कसं काय?’ विचारायचं तर ‘फिट लाइक?’ 2022च्या जनगणनेत सुमारे 15 लाख लोकांनी आपण स्कॉट्स, म्हणजे या साऱ्या बोली ज्या भाषेच्या आहेत ती, बोलतो असं नोंदवलं, आणि 2025च्या कायद्याने या भाषेला अधिकृत दर्जा दिला.

अर्थात ही भाषा थिजलेली नाही. ‘थिंक’ला ‘हिंक’ म्हणण्याची ग्लासगोची जुनी लकब आहे. आता तिथली पोरं लंडनसारखं ‘फिंक’ही म्हणतात. ग्लासगो विद्यापीठातल्या जेन स्टुअर्ट-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2013मध्ये दाखवलं, की लंडनच्या दूरचित्रवाणी मालिकेत मनाने गुंतलेल्या मुलांत हा उच्चार जास्त आढळतो. पण टीव्ही हे त्याचं एकच कारण नव्हे. मित्रांच्या टोळक्यात कोण कसं बोलतं, याचाही त्यात मोठा वाटा आहे.